लांब पल्ल्याचं गणित

"अहो, कानात काय घातलंय ते?"

गणिताचे सर जेवता जेवता दचकले. वाटाण्याएवढा, कातडीच्या रंगाचा तो इअरफोन कुणाला दिसू नये म्हणून त्यांनी चार दुकानं पालथी घालून निवडला होता. खिशातल्या फोनवर फुटबॉलचा सामना चालू होता, त्याचं समालोचन थेट सरांच्या डाव्या कानात येत होतं आणि त्या सामन्यावर सरांचे पैसे लागले होते. सहाच महिन्यांपूर्वी याच बायकोसमोर, तोच डावा कान पकडून, "पुन्हा पैज लावणार नाही" असं त्यांनी कबूल केलं होतं.

सरांचा एक सिद्धान्त होता. माणूस एकदा हरेल, दहादा हरेल. पण लांब पल्ल्यात गणित जाणणारा जिंकतोच. या सिद्धान्ताला तीन वर्षं झाली होती आणि तीन वर्षांत एकाही महिन्यानं त्याच्या बाजूनं साक्ष दिली नव्हती. तरी सर खचले नव्हते. पल्ला अजून पुरेसा लांब झालेला नाही, एवढंच ते दर वेळी स्वतःला बजावत. हेच वाक्य एखाद्या पोरानं उत्तरपत्रिकेत लिहिलं असतं, तर सरांनी त्याच्या हातावर भोपळा ठेवला असता.

"मशीन आहे," सर म्हणाले. "हल्ली कमी ऐकू येतं."

बायकोचा हात ताटातच थबकला. "अगं बाई! आणि मी मेली वीस वर्षं समजत होते, तुम्ही मुद्दाम ऐकत नाही!" तिचे डोळे भरून आले. सरांनाही क्षणभर वाईट वाटलं, पण तेवढ्यात कानात गोल झाला आणि तो नेमका नको त्या संघानं केला.

थाप तिथेच संपली असती, तर सर सुटले असते. पण बायकोनं काळजीपोटी दुसऱ्याच दिवशी शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना फोन केला. बाईंनी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर सरांच्या कानाशी तोंड नेलं आणि "तुम्ही अजिबात काळजी करू नका!" असं इतक्या जोरात सांगितलं, की कान खरोखरच तासभर वाजत राहिला.

बातमी पोरांपर्यंत पोचायला मधली सुट्टी पुरली. चाचणीला पेपर वाटून होताच मागच्या बाकावरून आवाज आला, "तिसऱ्याचं उत्तर काय रे?"

"बेचाळीस!" पुढच्या बाकावरून उत्तर गेलं.

"उणे बेचाळीस, गाढवा!"

ओरडावं तर ऐकू येतं हे सिद्ध होणार. सर खिडकीबाहेर बघत राहिले आणि भाजीबाजार भरावा तसा वर्ग भरला. सगळ्या वर्गाला पैकीच्या पैकी गुण पडले. त्यात ज्याला पाढे येत नव्हते तोही होता.

मुख्याध्यापिकाबाईंनी निकाल पाहिला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सर, कानाच्या डॉक्टरांचा दाखला आणा. तोवर तुम्हाला वर्गावर पाठवता यायचं नाही."

"त्यात काय, दादा आहे ना!" बायको म्हणाली. तिचा थोरला भाऊ कानाचा डॉक्टर होता. घरात त्याच्या शहाणपणाचे दाखले दिले जात. त्यानं वेळ दिली ती शनिवारी पाच वाजताची. नेमका त्याच वेळी लाल आणि निळ्या संघाचा सामना होता. आजवरचं गेलेलं सगळं एका दमात परत आणायचं म्हणून सरांनी लालवर सगळा बोनस लावून ठेवला होता.

डॉक्टरांनी बहिणीला बाहेर बसवलं, दार लावलं आणि चिमट्यानं सरांच्या कानातली वस्तू अलगद बाहेर काढली. उलटसुलट करून पाहिली. मग स्वतःच्या कानाला लावली.

सरांनी डोळे मिटून घेतले. एक डोळा उघडून पाहिलं, तर डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पेनल्टी," डॉक्टर पुटपुटले. "लालला पेनल्टी मिळाली! भाऊजी, तुम्ही कुणावर लावलेत?"

"लालवर," सर बोलून गेले. "म्हणजे... तुम्हीसुद्धा?"

"निळ्यावर. सरका जरा."

इअरफोन एकच होता. दोघांनी गालाला गाल लावून तो मधोमध धरला. बायकोनं दाराच्या काचेतून आत डोकावून पाहिलं आणि दादा किती मन लावून तपासतो म्हणून तिला भरून आलं. लालनं पेनल्टीवर गोल केला. सर टेबलाखाली पाय नाचवू लागले. शेवटच्या मिनिटाला निळ्यानं गोल फेडला. सामना बरोबरीत सुटला, आणि बरोबरीवर दोघांपैकी कुणीच लावले नव्हते. लालवर लावणारा बुडाला, निळ्यावर लावणाराही बुडाला. पैज घेणारा तेवढा तरला.

"किती वर्षं खेळताय?" सरांनी हळूच विचारलं.

"अकरा."

सरांच्या मनात आशा पालवली. हा तर खरा लांब पल्ला! "मग एकूण हिशेबात फायदाच असेल ना?"

डॉक्टरांनी त्यांच्याकडे एकटक पाहिलं. "भाऊजी, फायदा असता तर मी शनिवारी संध्याकाळी लोकांच्या कानातला मळ काढत बसलो असतो का?"

डॉक्टरांनी कपाट उघडलं आणि एक डबी पुढं ठेवली. "दाखला लिहून देतो. पण कान अधू आहे म्हटल्यावर खरंखुरं मशीन घ्यावं लागेल."

"पण मला चांगलं ऐकू येतं!"

"हे तिला सांगू? शिवाय माझे आज किती गेले, ठाऊक आहे तुम्हाला?"

मशीनची किंमत बायकोनं बाहेर मोजून दिली. दादानं सवलत दिली नाही, याचं तिला थोडं नवल वाटलं. डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं आवाज पूर्ण वाढवून मशीन सरांच्या कानात बसवलं.

रस्त्यावर आल्यावर सरांना पलीकडच्या फुटपाथवरच्या चपलाही ऐकू येत होत्या. थोडं चालल्यावर बायको पुढे बघत, अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "वहिनी सांगत होत्या, दादाला पैजेचा नाद आहे म्हणे. अकरा वर्षं झाली. तुमचं पुन्हा तसलं काही नाही ना हो?"

एकेक अक्षर डोक्यात घण घातल्यासारखं आदळलं. सरांनी कानामागे हात धरला.

"काय म्हणालीस? काही ऐकू नाही आलं."

बायको थांबली. तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं, कोपराला धरलं आणि आल्या वाटेनं वळवलं.

"चला परत. याहून मोठं मशीन आहे दादाकडे, वरच्या खणात. दुप्पट किंमत आहे. मघाशी पैसे देतानाच विचारून ठेवलीय मी."