धुण्याच्या दगडापासून बारा पावलं

भास्करकाका राऊतांना पत्ता विचारा. इमारतीचं नाव नाही, फ्लॅटचा नंबर नाही. "धुन्याच्या दगडापासून बारा पावलं, डाव्या हाताला." त्यामुळे त्यांचा गॅस सिलिंडर हमखास माझ्या दारात येतो, आणि तो त्यांच्याकडे पोचवताना माझी कंबर धरते.

काका आयुष्यभर कारखान्यांतल्या यंत्रांचे कंप्युटर दुरुस्त करत आले. प्रोग्राम लिहिणारा कधीच निघून गेलेला असतो. मग तो प्रोग्राम उलगडायला एक सॉफ्टवेअर असतं. ते एकेक आज्ञा ओळीने मांडतं आणि शेजारी तिचा मेमरीतला पत्ता छापतं, हा एवढा लांबलचक आकडा. काकांचं भांडण त्या आकड्याशी. प्रोग्राम दर वेळी मेमरीत नव्या जागी बसतो, सगळे आकडे बदलतात आणि काकांनी काल वहीत केलेल्या खुणा आज कुचकामी. "आकडा उद्या हलेल! कुठून किती, ते सांग!" असं ते पडद्याला दटावतात. प्रत्येक ओळीपुढे ती प्रोग्रामच्या ज्या भागातली, त्या भागाचं नाव आणि त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर दाखवा, अशी पत्रंही त्यांनी सॉफ्टवेअरवाल्यांना धाडली. एकाचंही उत्तर नाही.

उमेळ्यातली आमची इमारत त्यांच्याच वाडीवर उभी आहे. केळी गेली, बावखल, म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, बुजलं. काठावरचा धुण्याचा दगड तेवढा उरला, पार्किंगच्या ऐन मधोमध. बिल्डर वरचा हवेशीर फ्लॅट देत होता. यांनी तळमजल्यावरचा अंधारा, ओल धरलेला घेतला. राहतात एकटेच.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. दगडापायी स्कूटरवाले कावलेले. सभेत ठराव झाला आणि रविवारी मी दोन मजूर आणि पहार घेऊन हजर झालो. काका बनियनवरच धावत आले आणि दगडावर बसले.

"काका, तळं नाही, धुणं नाही. कोणाला हवाय हा?" मी चिडूनच विचारलं.

"मधूला."

मधू त्यांचा धाकटा भाऊ. डोक्याने जरा अधू, नाव-नंबर काही लक्षात राहत नसे. आईने त्याला एवढंच शिकवलं होतं : दगड दिसला की बारा पावलं मोज, घर येतं. वाडी विकायच्या आदल्या वर्षी तो बाजारात म्हणून गेला, तो परतलाच नाही. काकांच्या फ्लॅटचं दार जुन्या घराच्या दाराच्याच जागी आहे, हे मला तेव्हा कळलं.

"इमारत बघून बावरेल तो," काका म्हणाले. "पन दगड ओळखील. तू हलवलास, तर मोजील कुठून?"

मला स्वतःची लाज वाटली. मजुरांना परत पाठवलं. काका घरात गेल्यावर मी दगडापासून मोजत त्यांच्या दाराशी गेलो. दार उघडंच होतं.

"काका, नऊच भरतात."

"तू सरळ चालतोस. मधू लंगडतो."

संध्याकाळी पार्किंगमध्ये कोणी नाही असं बघून मी लंगडत मोजलं. बारा भरली.