बंडूभाऊंचे चार अर्क

गुरुवारी सुमनचं, माझ्या बायकोचं, तोंड आलं आणि तिनं जेवण सोडलं. कर्करोगाच्या औषधांनी असं होतं, असं डॉक्टर म्हणाले. ही बातमी शेजारच्या बंडूभाऊंपर्यंत पोचली.

बंडूभाऊ म्हणजे ऊर्जानगरच्या वीज केंद्रात पाणी तपासण्यात हयात घालवलेले गृहस्थ. एकटेच राहतात. त्यांच्याकडे गेलात तर चहाचे तीन कप समोर येतात: एक उकळलेला, एक गार पाण्यात मुरवलेला, एक वाफेवर धरलेला. तिन्ही पिऊन मत द्यावं लागतं. "चांगला आहे" म्हटलं की लगेच, "कोणाच्यापेक्षा?" मुलगी पाहायला गेले तेव्हा मध्यस्थ म्हणाला, "पोरगी चांगली आहे." यांच्या तोंडून सवयीनं तोच प्रश्न गेला. लग्न राहिलं ते राहिलंच.

तोंड आलं की धायटीच्या लाल फुलांच्या पाण्यानं चुळा भरायच्या, हे आमच्याकडे घरोघरी ठाऊक. डॉक्टरांचीही हरकत नव्हती. पण बंडूभाऊ अडले. मला म्हणाले, "गुरुजी, पाणी काढाचं कसं? आधी तुलना!"

फुलांचे चार वाटे झाले. एक उकळला. एक गार पाण्यात भिजवला. एक स्पिरिटमध्ये भिजवला, मग स्पिरिट उडवून उरलेला अर्क पाण्यात कालवला. चौथा सोनाराच्या, दागिने धुवायच्या थरथरत्या यंत्रात टाकला. सोनार ओरडत आला. "भाऊ, गिऱ्हाइकाच्या नथीचा मोती गुलाबी झाला न!"

"आधीपेक्षा चांगला दिसून राह्यला," बंडूभाऊ म्हणाले.

मग प्रत्येक अर्कात लोहक्षाराचा थेंब टाकला. जितका काळा पडेल तितका अर्क दमदार. स्पिरिटचा डांबरासारखा काळा झाला. गार पाण्याचा जेमतेम करडा.

मी स्पिरिटचा अर्क न्यायला गेलो, तर बंडूभाऊ अंगणात तोंड उघडं टाकून बसलेले. डोळ्यांतून धारा. पुढ्यात लवंगी मिरच्यांची देठं.

"भाऊ, हे काऊन करून राह्यले?"

"चांगल्या तोंडाले चारही सारखेच लागते, गुरुजी. वहिनीले कोणता झोंबन, हे मले कसं समजन?" त्यांनी गार पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. "याच्यात दम नाई. पण हा झोंबत नाई. हाच द्या."

सुमननं चूळ भरली. थोड्या वेळानं तिनं दहीभात मागितला आणि खाल्ला.

पावसाळ्याच्या शेवटी ती गेली. बंडूभाऊ आता दुपारी माझ्याकडेच जेवतात.