पूर्णवाचनाचा दाखला

आमच्या वाचनालयात गेली अकरा वर्षं एकही पुस्तक अर्धवट वाचून परत आलेलं नाही. मी इथला ग्रंथपाल असल्यामुळे हे यश थोडंफार माझंही आहे, असं विनयाने नमूद करतो. नियम साधा आहे. एका कार्डावर एक पुस्तक, आणि 'पूर्णवाचनाचा दाखला' भरून दिल्याशिवाय दुसरं मिळत नाही.

कोपऱ्यावरच्या दुकानातले घड्याळजी मात्र एके दिवशी एक गाजलेली सहाशे पानी कादंबरी घेऊन आले आणि माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "साहेब, ही परत घ्या. मला कंटाळा आला."

वाचनालयात हा शब्द मी प्रथमच ऐकला. त्यांना बसायला खुर्ची दिली.

"किती वाचलीत, काका?"

"एक्केचाळीस पानं. माणूस अजून खिडकीपाशीच उभा आहे."

"पुढे रंगत येते."

"शितावरून भाताची परीक्षा होते, साहेब. मला ते जहाजाचं पुस्तक हवंय. लहानपणी वाचलं होतं, पण शेवटची पानं कुणीतरी फाडलेली होती. ते जहाज परत आलं की नाही, हे मला अजून माहीत नाही. आणि डॉक्टर म्हणालेत, डोळे फार तर सहा महिने साथ देतील."

मला खरंच वाईट वाटलं. जहाजाचं पुस्तक समोरच्याच कपाटात होतं. मी ताबडतोब 'वाचन खंडित करण्याचा अर्ज' काढला. त्यात चार कारणं छापलेली आहेत: आग, पूर, वाळवी आणि सभासदाचा मृत्यू. कंटाळा नाही.

"मग मी मरेपर्यंत थांबू?"

"मृत्यूचा दाखला जोडावा लागतो. आणि अर्जावर सही सभासदाचीच हवी."

घड्याळजी कादंबरी काखेत मारून निघून गेले. भिंग लावून वाचत राहिले. दीड महिन्याने आले ते शेवटच्या पानापर्यंत वाचूनच.

"साहेब, या पुस्तकात पान दोनशे नऊ ते दोनशे बहात्तर पाण्याचा पंप आहे."

"प्रतीक असेल."

"प्रतीक कसलं? वॉशर कसा बदलायचा ते आकृतीसकट दिलंय. छापखान्यात दुसऱ्याच पुस्तकाची पानं शिवली गेलीत. वॉशर वाचला तेव्हा वाटलं, चला, काहीतरी घडलं!"

इथेच घोडं पेंड खात होतं. या प्रतीवर दोनशे बारा सभासदांनी पूर्णवाचनाचे दाखले दिलेले होते. त्यातल्या चौघांनी मधला भाग विशेष उंचीचा असल्याचं लिहिलं होतं. पहिली सही माझीच होती.

प्रकरण कार्यकारिणीपुढे गेलं. घड्याळजींनी पुस्तक उघडून दाखवायची तयारी केली, तेव्हा अध्यक्षांनी त्यांचा हात धरला. याच कादंबरीच्या सत्कारात ते पाऊण तास बोलले होते.

"पुस्तक उघडणं हा दोनशे बारा वाचकांवर अविश्वास होईल," अध्यक्ष म्हणाले.

ठराव झाला. ज्या अर्थी दोनशे बारा वाचकांना पंप आढळला नाही, त्या अर्थी पंप नाही. सदर सभासदाचं वाचन सदोष असून त्याने कादंबरी पुन्हा वाचावी. ठराव एकमताने संमत झाला. चहा झाला.

त्यानंतर पाच महिने घड्याळजी दिसले नाहीत. मग एका सकाळी शेजारच्या किल्लीवाल्याचा हात धरून आले. दाखल्यावर कुठे सही करायची, हे मला त्यांचं बोट धरून दाखवावं लागलं.

"अभिप्रायात काय लिहू?" मी विचारलं.

"बाकीच्यांनी लिहिलंय तेच लिहा."

'शेवट अतिशय हृदयस्पर्शी आहे,' असं मी लिहिलं आणि शिक्का मारला. शिक्का छान उमटला. मग जहाजाचं पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चाचपडत मागचा पुठ्ठा शोधला.

"शेवटची पानं आहेत ना हो?"

"आहेत."

"याला वाचता येत नाही, आणि मला दिसत नाही. तेवढा शेवट तुम्हीच सांगा. जहाज परत येतं का?"

पुस्तक मी पुन्हा हातात घेतलं. उघडायचं, एवढंच बाकी होतं. पण दाराशी चार सभासद उभे होते, ग्रंथपालाने हे पुस्तक वाचलेलं नाही असं दिसणं बरं नव्हतं, आणि अकरा वर्षांची सवय जिभेवर होती.

"शेवट," मी म्हणालो, "अतिशय हृदयस्पर्शी आहे."

मी पुस्तक परत त्यांच्या हातात दिलं. घड्याळजी ते तसंच टेबलावर ठेवून किल्लीवाल्याला म्हणाले, "चल." मला लाज वाटली, हे इथे कबूल करतो. नोंदवहीत मात्र 'सभासद समाधानी' असं लिहिलं.

असो. हकिकत संपली. मधली पानं गाळून थेट इथे आला असाल, तरी आमची हरकत नाही. खाली अभिप्रायाची जागा मोकळी सोडली आहे. काय लिहायचं, ते तुम्हाला माहीत आहेच.