काचेआडचं ऊन

नातीचं वागणं आजींना मुळीच पसंत नव्हतं. चौदा वर्षांची घोडी, पण दिवसभर पडदे ओढून खोलीत. ऊन दिसलं की डोळे मिटणार, दूध दिसलं की नाक मुरडणार, आणि संध्याकाळी मैदानावर जाऊन उंच उडी मारणार. "घुबडसुद्धा हिच्यापेक्षा जास्त बाहेर असतं," आजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

पुढे नडगी दुखायला लागली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. ड जीवनसत्त्व कमी निघालं, हवं तीस तिथं सोळा. "हाडं भरायचं वय हेच. आत्ता भरतील तीच जन्मभर पुरवायची," त्या म्हणाल्या. दीड महिना आहार आणि ऊन. आकडा वर आला तर उडी, नाहीतर शाळेच्या संघाची निवड विसरायची. सगळं त्यांनी कागदावर लिहून दिलं.

तो कागद आजींनी घडी घालून थेट कमरेच्या पिशवीत टाकला.

"आई, एकदा वाचून दाखवू का?" सुनेनं विचारलं.

"काय वाचायचंय? दूध, अंडी, ऊन. चार पोरं वाढवली मी, एकाचं हाड मोडलं नाही. तेव्हा कुठला आला होता कागद?"

आजींना एक ओळ वाचायला अर्धा दिवस लागतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण तसं बोलायची छाती कुणाची?

सुट्टीच होती. दुसऱ्या दिवसापासून पहारा सुरू झाला. बैठकीच्या मोठ्या खिडकीशी खुर्ची मांडली. समोर बांधकाम, धूळ भसाभस आत यायची. म्हणून खिडकी बंद.

"आजी, शाळेत शिकवलंय, काचेतून..."

"उलट बोलायलाही शाळेतच शिकवतात वाटतं? बाह्या वर कर."

पोर गप्प बसली. रोज तासभर बसायची, घामाघूम व्हायची. महिन्याभरात खुर्चीचं कापडसुद्धा विटलं. "बघ, लागतंय ऊन!" आजी दुधाचा पेला पुढे करत म्हणत.

दीड महिन्यानं पुन्हा रक्त तपासलं. सोळाचे सतरा.

आजींचं डोकं फिरलं. "दूध कुंडीत ओतलंस ना?"

"नाही गं! सायसुद्धा खाल्ली."

मग सुनेची पाळी. "अंडी उकडतेस की नुसती पाण्याला दाखवतेस?" सून दोन दिवस बोलली नाही. मग दूधवाला. "दुधात पाणी घालतोस की पाण्यात दूध?" त्यानं रतीबच बंद केला. शेवटी आजी तपासणीवाल्यांच्या दारात. "कुणाचं रक्त कुणाला चिकटवलंत?" त्यांनी निमूटपणे पुन्हा सुई टोचली. पोरीनं ओठ चावले. सतराच!

"आता डॉक्टरीणबाईंनाच जाब विचारते," म्हणत आजी तिला घेऊन दवाखान्यात गेल्या.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "उन्हात कुठे बसायची?"

"खिडकीशी. माझ्या डोळ्यांदेखत."

"खिडकी उघडी?"

"बंद. धूळ येते."

"आजी, काचेतून ऊब येते. ड जीवनसत्त्व ज्यानं तयार होतं ते किरण काच अडवते. कागदावर लिहिलं होतं मी."

आजींनी पिशवीतून कागद काढला, दीड महिन्यात पहिल्यांदा उलगडला आणि नातीपुढे धरला. नातीनं हळू आवाजात वाचलं, "बाहेर, मोकळ्या उन्हात." खाली दोन रेघा होत्या.

"निवड सोमवारी आहे," पोर म्हणाली.

"या वेळी नको बाळा. आता औषध सुरू करू, दोन महिन्यांनी बघू."

पोरीनं मान डोलावली. रडली नाही, तेच आजींना बघवेना.

बाहेर पायऱ्यांवर लख्ख ऊन पडलं होतं. आजी गुडघे धरत खाली बसल्या, तिलाही ओढून बसवलं.

"पहिल्याच दिवशी ठाऊक होतं तुला?"

"हो. सांगतच होते. तू रागावलीस."

आजींनी नातीची हनुवटी धरून निकाल दिला, तोही एवढ्या मोठ्यानं की जाणारी दोन माणसं थबकली.

"उडी गेली ती माझ्या तोंडानं आणि तुझ्या गप्प बसण्यानं. खरं ठाऊक असताना माझ्याशी भांडली नाहीस, हा तुझा गुन्हा. निम्मा तुझा, निम्मा माझा." त्यांनी हनुवटी सोडली. "बरं, पाऊण माझा. पण त्याहून जास्त घेणार नाही, सांगून ठेवते!"