खांबाआडची फॅशन

“पडद्यावरचा कपडा एकदा नजरेखालून जाऊ दे, दुसऱ्या दिवशी तो माझ्या मशीनवरून उतरलाच म्हणून समजा!”

काकूची ही बढाई सगळ्या गल्लीला पाठ होती. घराच्या पुढच्या खोलीत तिचं शिवणकाम चाले. खिडकीशी मशीन, मशीनवर खडूचे तुकडे आणि खुंटीला एक आकाशी ब्लाउज. डावी बाही भोपळ्यासारखी टम्म फुगलेली, उजवी मनगटापर्यंत घट्ट, बटणांची रांग लावलेली. तो विकायचा नव्हता. तो काकूचा मानाचा तुरा होता!

त्याचं असं झालं होतं. काकू लग्न होऊन नवी नवी आली तेव्हा ती आणि तिची नणंद चोरून सिनेमाला गेल्या. तिकिटं मिळाली ती नेमकी खांबामागची. एकीला पडद्याची एक बाजू दिसे, दुसरीला दुसरी. दोघी न्यायाच्या पक्क्या! मध्यंतरात त्यांनी जागा बदलल्या. आधीच्या गाण्यात नायिका आकाशी कपड्यात होती. काकूला दिसली तिची डावी, फुगीर बाही. नंतरच्या गाण्यातही नायिका आकाशीच कपड्यात; आता दिसली उजवी, घट्ट बाही. ते दोन वेगळे ब्लाउज होते, हे खांबाने काही सांगितलं नाही. काकूने घरी येऊन दोन्ही बाह्या एकाच ब्लाउजला जोडल्या.

नणंद तो घालून ऐटीत कचेरीत गेली, आणि महिन्याभरात गल्लीतल्या सगळ्या पोरी एका बाजूने फुगल्या! पुढे तोच सिनेमा परत लागला. यावेळी सगळ्यांनी तो समोर बसून, डोळे फाडून पाहिला आणि एकमताने निकाल दिला, “नायिकेचा शिंपी चुकला!”

खरी चूक फक्त दोघींना ठाऊक होती. ती आठवून त्या म्हातारपणीही पदरात तोंड खुपसून हसत.

आता गल्लीत तयार कपड्यांची दुकानं आली होती. काकूचं मशीन बरेच दिवस झाकलेलंच असे. अशात एके दिवशी पुतणी धापा टाकत आली. ती एका नामांकित फॅशन डिझायनरकडे कामाला होती, पण अजून कच्च्या नोकरीवर.

“काकू, मॅडमना जुन्या सिनेमातली फॅशन हवीय. त्यांना हा ब्लाउज आवडला तर मी पक्की, नाहीतर घरी! त्या उद्या सकाळी येतायत.”

“सकाळी? अगं, माझं मौन!”

काकूचा रोजचा नेम होता. दुपारी बारापर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. लिहून सांगणंही नाही, कारण ते तिच्या मते देवाची नजर चुकवून बोलणंच.

“बरंच आहे की! तू नुसती हस. बाकीचं मी सांभाळते.”

मॅडम आल्या. डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यात, चष्माही काळा. ब्लाउज पाहताच त्यांनी तो चष्मा काढला.

“हा त्या सिनेमातला?”

“हुबेहूब!” पुतणी ठासून म्हणाली.

पोरगी नकळत खोटं बोलून बसली होती, आणि ते उघडं पडलं तर नोकरी गेलीच! काकूने जोरजोरात मान हलवली.

“नाही? मग ही कल्पना तुमची? दोन बाह्या वेगळ्या का?”

काकूने एक हात वर करून खांब दाखवला. मग त्या हाताआडून इकडून डोकावली, तिकडून डोकावली.

मॅडमच्या डोळ्यांत पाणी! “कळलं! स्त्री एका बाजूने मोकळी, दुसऱ्या बाजूने बांधलेली. आणि मधे हा उभा समाज!”

काकूने कपाळावर हात मारून घेतला.

“आणि हे तिचं नशीब! अहो, काय ताकद आहे तुमच्यात!” ब्लाउज पिशवीत घालून मॅडम गाडीत बसल्यासुद्धा.

बारा वाजले तशी नणंद नेहमीप्रमाणे गप्पांना आली. काकूचा बांध फुटला, “वन्सं, घात झाला! आपला खांब समाज झाला!”

पुतणीला सगळी हकीकत सांगितली तेव्हा ती पांढरीफटक पडली. “काकू, गप्प बस ना! सकाळी बसलीस तशी!”

“सकाळचं मौन देवासाठी. खोटं झाकायला नाही गं.” काकूने फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

पुतणीने डोळे मिटून घेतले. मग पलीकडून मॅडमचा इतका मोठा हशा आला, की फोन कानापासून लांब धरावा लागला.

“सिनेमाला माझी आईही मला मांडीवर घेऊन खांबामागेच बसायची हो,” मॅडम म्हणाल्या. “पुतणी तुमची पक्की. पण तो खांबही मला हवा!”

तो त्यांनी मिळवला! मॅडमच्या फॅशन शोच्या दिवशी झगझगीत मंचासमोर भलामोठा खांब उभा होता आणि मानाच्या खुर्च्या नेमक्या त्याच्यामागे. काकू आणि नणंद हात धरून बसल्या. आकाशी कपड्यातल्या उंच मुली चालत आल्या तेव्हा काकूला रेशमापेक्षा जुन्या थिएटरातला फिनेलचा वासच जास्त जाणवला.

“वहिनी, अर्धं झालं. उठा!” नणंदेने कोपर मारलं. भर कार्यक्रमात दोघींनी जागा बदलल्या.

दुसऱ्या दिवशी गल्लीतली कॉलेजची पोरगी आली. “काकू, सगळीकडे तुमच्याच ब्लाउजचे फोटो आहेत! मलाही तस्साच हवा.”

“नजरेखालून गेलाय माझ्या!” काकूने मशीनवरचं झाकण भिरकावलं. आधी पाहिलेली डावी बाही कापली, मग जागा बदलल्यावर पाहिलेली उजवी. मापाला माप, टाक्याला टाका!

पोरगी घालून आरशासमोर उभी राहिली आणि तिचा चेहराच पडला.

“काकू, दोन्ही बाह्या सारख्याच फुगल्यात! हे काय जुन्या पद्धतीचं शिवलंत?”

काकूने नणंदेकडे पाहिलं. नणंद पदराचा बोळा तोंडात कोंबून हसत होती. मॅडमनी उत्तरार्धात फुगा उजव्या बाहीला दिला होता, हे खांबाने याहीवेळी सांगितलं नव्हतं.

काकू घसा खाकरून म्हणाली, “मॅडमचाच शिंपी चुकला असेल!”