चुरीभाऊंचे एकतीस स्विच

महत्त्वाची गोष्ट कुणाच्या नजरेस पडता कामा नये, या पायावर आपलं सारं कार्यालयीन कामकाज उभं आहे. बिनमहत्त्वाची फाइल टेबलावर असते, महत्त्वाची कपाटात, अतिमहत्त्वाची कपाटाच्या मागे. आणि जिच्यावाचून कुणाचं तरी आयुष्य अडलंय, ती कुठे आहे हे फक्त अव्वल कारकुनाला ठाऊक असतं. (तो रजेवर असतो.)

आमचे दशरथ चुरी हे असेच अव्वल कारकून. तलासरीच्या सागर-डोंगर विकास मंडळात एकोणतीस वर्षं सेवा, राहायला डहाणूत. त्र्याण्णव साली त्यांनी घरी कॉम्प्युटर आणला, नारळ फोडला, वर झालरीचा अभ्रा चढवला आणि रविवारी सकाळी दहाचा वर्ग सुरू केला. विद्यार्थी दोन: चिकूचे व्यापारी परेशभाई आणि मी, वाणगावचा शाळामास्तर. चपला बाहेर काढून आम्ही पडद्यासमोर बसायचो. काळा पडदा, पांढरी अक्षरं, फळ्याची सवय असलेल्या माणसाला एकदम घरच्यासारखं.

भाऊंनी पहिल्याच दिवशी मर्म सांगितलं. "हुकूम म्हणजे अर्ज. नुसत्या अर्जाला कोण विचारतो? त्यावर शेरा लागतो. इथे शेऱ्याला स्विच म्हणतात. हुकूम लिहा, तिरकी रेघ ओढा, पुढे एक अक्षर." डीआयआर म्हटलं की यंत्र फाइलींची यादी दाखवतं. पुढे पी लावला तर पानापानाने, डब्ल्यू लावला तर आडवी, एस लावला तर पोटातल्या कप्प्यांसकट. काय ती शिस्त! पाच रविवारांत आम्ही एकतीस स्विच पाठ केले. त्या काळात आम्ही टाइप केलेली पत्रं: शून्य. परेशभाईंनी एकदा विचारलं, "भाऊ, पण आ बधानो उपयोग सू? काय कामाचं हे सगळं?" त्यांना वर्गाचं गांभीर्य समजावून सांगण्यात आलं.

कॉम्प्युटरवर खरं काम झालं ते एकच, तेही भाऊंच्या पत्नीने, अहिल्यावहिनींनी केलं. मंडळाने नर्सच्या प्रशिक्षणासाठी पाड्यांवरच्या अकरा मुली निवडल्या होत्या. त्यांची यादी सोमवारी पाचच्या आत ठाण्याला पोचायची होती, तीही कॉम्प्युटरवर छापलेली. वहिनींनी कुकरच्या दोन शिट्यांच्या मधे ती टाइप केली. मग भाऊंनी हस्तलिखित कागद रद्दीत दिला (दुबार नोंद नियमात बसत नाही) आणि अकराही मुलींचं भविष्य ज्या फाइलीत होतं, तिला त्यांचा सर्वांत लाडका हुकूम लावला. या हुकुमाने फाइल असते, पण दिसत नाही. एकोणतीस वर्षं जे हाताने करावं लागलं, ते आता यंत्राने होत होतं. भाऊंचे डोळे भरून आले. नावही त्यांनी असं आठ अक्षरी ठेवलं की शत्रूलाच काय, त्यांनाही आठवू नये. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मुदतीच्या आदल्या दिवशी, रविवारी, ऐन वर्गाच्या वेळी, तलासरीपलीकडच्या पाड्यावरून लाहू आला. सोबत त्याची मुलगी धाकली, बारावी पास, वेणी घट्ट बांधलेली. दोन एसट्या बदलून आले होते.

"भाऊ, पोरीचा नाव हाय ना यादीत?" लाहूने दारातूनच विचारलं.

"दाखवतोच," म्हणत भाऊंनी डीआयआर मारला. यादी दिसेना. पी लावला, डब्ल्यू लावला, एस लावला. गेल्या महिन्यातलं पंचांग दिसलं, परेशभाईंच्या पुतण्याचा खेळ दिसला. मुलींची यादी काही दिसेना. धाकली उंबऱ्यात उभी राहून प्रत्येक ओळ वाचत होती.

"अहो," स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, "कॉम्प्युटरच्या पुस्तकात लिहिलंय ना, तिरक्या रेघेपुढे प्रश्नचिन्ह दिलं की तो आपणहून सगळे स्विच सांगतो. विचारा की त्यालाच!"

भाऊ ताठ झाले. "मी विचारू? यंत्राला? तेही अर्जदारासमोर? अगं, एकोणतीस वर्षं लोक मला विचारतायत!"

मी मान डोलावली, परेशभाईंनीही डोलावली. भाऊंनी कागद घेतला, त्यावर "शोध चालू आहे, मंगळवारी भेटा" असं लिहिलं, खाली सही केली आणि तो लाहूच्या हातात दिला. मुदत सोमवारची होती हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. धाकलीने तो कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि चपला घातल्या. मला तेव्हा खरंच लाज वाटली. मग पोहे आले.

मंगळवारी भाऊ कार्यालयात गेल्यावर वहिनींनी यंत्राला विचारलं. त्याने सांगितलं: ए लाव, लपलेलंही दिसेल. लावला. यादी समोर. काखेत कळसा म्हणतात तो हाच. संध्याकाळी भाऊंनी ती छापली, जावक क्रमांक घातला आणि रीतसर रवाना केली. ठाण्याहून रीतसर उत्तर आलं: मुदतीनंतर प्राप्त, सबब दप्तरी दाखल. कुणाचीच चूक नव्हती. धाकली आता तारापूरला एका कारखान्यात बाटल्यांना झाकणं लावते. पुढच्या रविवारी भाऊंनी आम्हाला ए हा बत्तिसावा स्विच स्वतः शोधला म्हणून शिकवला. आम्ही टाळ्या वाजवल्या, मी जरा जास्तच.

एवढं वाचून तुम्ही भाऊंना हसलात, धाकलीसाठी हळहळलात. चांगलं केलंत. पण त्या यादीत अकरा नावं होती. बाकीच्या दहाजणींचं काय झालं, हे तुम्ही विचारलं नाहीत. आम्हीही कधी विचारलं नाही. रविवारी दहाला या, चपला बाहेर काढा. तुमची खुर्ची मांडून ठेवली आहे.