पावतीच्या तळाशी रोशन

सकाळी सहाला फोन वाजला तेव्हा रोशन मुनेश्वर तोंडात ब्रश धरून उभा होता.

"सायेब, मी डोंगरसिंग. दिग्रसहून. माही कापसाची गाडी कवा मोजता?"

"काका, राँग नंबर आहे."

"राँग कसा राहीन? पावतीवर छापेल हाय. रोशन मुनेश्वर, आन् हाच नंबर."

आपण काय करून बसलो, हे रोशनला चूळ भरायच्या आतच कळलं.

लोहाऱ्यातल्या एका छोट्या कॉम्प्युटर फर्ममध्ये तो कामाला होता. कापूस खरेदी केंद्रांवर रांगेतल्या गाड्यांना नंबराची पावती देणारा प्रोग्रॅम त्याचाच. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम फुकट, म्हणून केंद्रांवरचे सगळे कॉम्प्युटर लिनक्सचे. प्रोग्रॅममध्ये जरा काही बदललं, की फायली जागच्या जागी टाकायला रोशन एसटीनं दिग्रसला, मग उमरखेडला. कंबर मोडल्यावर त्याला शहाणपण सुचलं. सगळ्या फायली बांधून एकच पॅकेज करायचं; सीडी घालून एक आज्ञा दिली की प्रोग्रॅम आपोआप बसला पाहिजे. पण पॅकेज सांभाळणाऱ्याचं नाव आणि पत्ता दिल्याशिवाय पॅकेज बांधलंच जाईना. चौथ्यांदा अडल्यावर त्यानं वैतागून नाव आणि मोबाईल नंबर ठोकला. पावतीच्या तळाशी पॅकेजची आवृत्ती छापली जायची. तिच्या शेजारी सांभाळणाऱ्याचं नाव आणि नंबरही छापला जाईल, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

त्या वर्षी केंद्रं आठवड्यातून चार दिवस बंद आणि रांगा मात्र सातही दिवस. दुपारपर्यंत एकेचाळीस फोन आले. बारदाना आला का? आभाळ आलंय, ताडपत्री टाकू का? मोतीबाई नावाच्या बाईनं तर, रांगेत बसलेल्या नवऱ्यानं आंघोळ केली का, तेही विचारलं. पहिल्या दहा जणांना रोशननं पॅकेज म्हणजे काय ते समजावून सांगितलं. पुढच्या दहांना नुसतं 'मी कॉम्प्युटरवाला आहो' एवढंच. नंतर तो फक्त "उद्या" म्हणू लागला. उद्या म्हटलं की माणूस "बरं सायेब" म्हणून फोन ठेवी.

"खरं सांगाना त्याईले, तुमचा काही संबंध नाई म्हून," बायको, उर्वशी, म्हणाली.

"सांगतलं ना. ते म्हनतात, सगळेच सायेब पहिले असंच म्हनतात."

त्यानं पावतीवरून आपला नंबर काढून नवं पॅकेज बांधलं आणि सीड्या एसटीनं रवाना केल्या. दुसऱ्या दिवशी दिग्रसचा ऑपरेटर संजय फोनवर.

"भाऊ, हे बसतच नाई. कॉम्प्युटर म्हनते, पहिले छपाईचं नवं पॅकेज पायजे."

रोशनच्या कॉम्प्युटरवर ते होतं, केंद्रांवर नव्हतं. तिथे इंटरनेटही नव्हतं. त्यानं तेही पाठवलं. त्याला आणखी एक लागत होतं. ते पाठवलं, तर त्याला जुनं एक चालत नव्हतं. तिकडे रोशनच्या नंबरासकट पावत्या छापल्या जातच होत्या. शेवटी सगळी पॅकेजं एका सीडीत घेऊन रोशन पुन्हा एसटीत बसला.

दिग्रसला रांग थेट रस्त्यापर्यंत आली होती. एका गाडीवर पांढऱ्या मिशांचा म्हातारा कानाला फोन लावून बसला होता. रोशनच्या खिशात फोन वाजला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तुमीच का रोशनसायेब?" डोंगरसिंग गाडीवरून उतरला. "पाच दिसापासून तुमी उद्या म्हनून राह्यले."

"चुकलं काका. मले खरंच काही मालूम नाई."

"नाई तं नाई," म्हातारा थकून म्हणाला. "पन तुमी फोन उचलता. बाकीचे उचलतच नाई." आणि त्यानं रोशनला आपल्या डब्यातली अर्धी भाकर दिली.

दिग्रस झालं, उमरखेड झालं. फोन एकदाचा गप्प पडला. रोशन दोन दिवस नुसता झोपला. तिसऱ्या दिवशी फर्मचे मालक पंजाबराव यांनी त्याला बोलावलं.

"रोशन, नंबर कायले काढला रे? केंद्रावाले कावले. लोकं आता त्याईच्याच टेबलापाशी येऊन बसून राह्यले. नंबर वापस टाक."

"साहेब, कोनाची गाडी कवा मोजतीन, मले काय मालूम?"

"कोनालेच नाई मालूम."

"मंग मी लोकाईले सांगू काय?"

"आतावरी काय सांगत होता?"

"उद्या."

"मंग तेच सांग," पंजाबराव मायेनं म्हणाले. "केंद्रावाले म्हनतात, तुह्यासारखं कोनाले सांगता येत नाई."